पडद्याच्या आजारावर औषध आलं. पण आपला जनुक कोणता, हे कुणाला ठाऊक?

"अमेरिकेत आरपीवर इंजेक्शन निघालंय म्हणे." वर्षातून दोन-तीनदा तरी हा मेसेज फिरत येतो. बेळगाव, खानापूर, बिदर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठल्याही मराठी घरात आरपीचा रुग्ण असेल तर त्या घराला हा मेसेज पाठच असतो. बातमी खोटी नाही. इंजेक्शन खरंच आहे आणि त्याला मान्यता मिळून काही वर्षं झाली. पण मेसेजमध्ये अर्धीच गोष्ट येते. औषध एका विशिष्ट जनुकाच्या बिघाडावर आहे आणि आपल्या घरातला बिघाड त्याच जनुकाचा आहे का, हे बहुतेक घरांना माहीत नाही. ते कळण्यासाठीची तपासणी सरकारी योजनांत सहसा बसत नाही. आणि एकाच घराण्याच्या शाखा तीन-चार राज्यांत विखुरलेल्या असल्यामुळे आजाराचं पूर्ण चित्र एकाही डॉक्टरसमोर येत नाही.

औषधाच्या किमतीवर खूप बोललं जातं. त्याआधीची ही जी पायरी आहे, तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हा लेखाजोखा.

आजार नेमका काय

आरपी म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्या वर्षानुवर्षं हळूहळू मरत जातात. आधी अंधारात दिसण्यासाठी लागणाऱ्या पेशी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. संध्याकाळी लाईट गेली की पोरगं भिंतीला धडकतं, सिनेमागृहात खुर्ची सापडत नाही, अंगणातली बादली दिसत नाही. मग बाजूची नजर आक्रसत जाते. समोरचं बारीक अक्षर वाचता येतं, पण शेजारून येणारी गाडी दिसत नाही. नळीतून पाहावं तशी नजर होते. बऱ्याच जणांची मधली नजर चाळिशी-पन्नाशीपर्यंत टिकते, काहींची आधीच जाते.

आरपी हा एक आजार नसून आजारांचा गट आहे. नुसत्या आरपीला कारणीभूत ठरणारे ऐंशीच्या वर जनुक आजवर सापडलेत. पडद्याचे सगळे वंशागत आजार धरले, तर हा आकडा पावणेतीनशेच्या पुढे जातो. लक्षणं सारखी, डोळ्यात दिसणारे काळे ठिपके सारखे, पण मुळातला बिघाड प्रत्येक घरात वेगळा असू शकतो.

जगभरात साधारण चार हजार माणसांमागे एकाला आरपी असतो, असं धरतात. आपल्याकडे प्रमाण याहून बरंच जास्त दिसतं. नागपूरजवळच्या खेड्यांत आणि तमिळनाडूत मोठ्या माणसांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत हजारामागे एक किंवा त्याहून अधिक रुग्ण आढळले. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात आठ-दहा जण असू शकतात. त्यातले बरेच 'नजर कमी आहे' म्हणून घरात बसलेले असतात. आजाराचं नावही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सात कोटींचं इंजेक्शन

ज्या औषधाची बातमी फिरते त्याचं नाव लक्सटर्ना. अमेरिकेच्या एफडीएने १९ डिसेंबर २०१७ रोजी त्याला मान्यता दिली, युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली. फिलाडेल्फियातल्या स्पार्क थेरप्युटिक्स या कंपनीने ते बाजारात आणलं.

हे औषध आरपीई६५ या जनुकाच्या बिघाडावर आहे. हा जनुक एक विकर बनवतो. प्रकाश टिपताना डोळ्यातलं 'अ' जीवनसत्त्वाचं एक रूप खर्च होतं, ते पुन्हा वापरण्याजोगं करणं हे त्या विकराचं काम. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की हे चक्र थांबतं. पेशी जिवंत असतात, पण कच्चा माल नसल्यामुळे त्यांचं काम बंद पडतं. लक्सटर्नामध्ये एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या आत या जनुकाची चांगली प्रत भरलेली असते. ऑपरेशन करून ती पडद्याखाली सोडतात, प्रत्येक डोळ्यात एकदा.

परिणाम खरा आहे. शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत ३१ रुग्ण घेतले होते. औषध मिळालेल्या २० जणांपैकी १३ जण एका वर्षानंतर अगदी मंद उजेडात, म्हणजे घरातल्या झिरोच्या दिव्याइतक्या प्रकाशात, अडथळ्यांची वाट चालून गेले. औषध न मिळालेल्या गटातल्या एकालाही ते जमलं नाही. जन्मापासून अंधार पडला की जागेवर बसून राहणाऱ्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही. धोकेही आहेत. ऑपरेशनमुळे मोतीबिंदू होणं, डोळ्यातला दाब वाढणं, पडद्याला इजा होणं हे घडू शकतं. काही रुग्णांत पुढे पडद्याचा काही भाग विरळ होत गेल्याचंही दिसलं.

किंमत ठरली ती एका डोळ्याला ४,२५,००० डॉलर, दोन्ही डोळ्यांना ८,५०,००० डॉलर. आपल्या पैशांत सात कोटींच्या वर.

आता इथे नीट बघा. आरपीच्या शंभर रुग्णांत आरपीई६५चे रुग्ण एक-दोनच असतात. जन्मतःच नजर नसलेल्या मुलांत, म्हणजे लेबर कंजेनायटल अमॉरोसिस या आजारात, हे प्रमाण थोडं जास्त असतं. उरलेल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव रुग्णांसाठी हे इंजेक्शन फुकट मिळालं तरी उपयोगाचं नाही. आणि ज्या एक-दोघांसाठी उपयोगाचं आहे, त्यांच्याही डोळ्यात पेशी जिवंत असायला हव्यात. मेलेल्या पेशींना जनुकाची चांगली प्रत देऊन काही होत नाही. म्हणजे जनुकाचं नाव वीस वर्षं उशिरा कळलं, तर कळूनही फायदा होत नाही. सात कोटी जमवण्याआधीच वेळ हातची गेलेली असते.

बाकीच्या रुग्णांसाठी काय चाललंय

प्रयत्न पुष्कळ चालू आहेत आणि अपयशही येतंय. आरपीजीआर नावाच्या जनुकामुळे होणारा आरपी मुलग्यांना जास्त त्रास देतो, तो आईकडून येतो. त्यावरच्या जनुक उपचाराकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. बायोजेन कंपनीची चाचणी २०२१ मध्ये मुख्य निकषावर उतरली नाही. जॉन्सन अँड जॉन्सनचा उपचारही शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य निकष गाठू शकला नाही, असं २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झालं. इतरांचे प्रयत्न चालू आहेत. पण 'पुढच्या वर्षी नक्की' असं कुणी सांगत असेल, तर हे दोन निकाल आठवावेत.

दुसऱ्या बाजूला एक अगदी स्वस्त औषध तपासलं जातंय. एन-ॲसिटिलसिस्टीन, एनएसी. आपल्याकडे हे कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलची विषबाधा झाली तर देतात, मेडिकलमध्ये मिळतं. जनुक कोणताही असो, पेशी मरण्याच्या शेवटच्या साखळीत ऑक्सिजनमुळे होणारी झीज असते, ती रोखावी असा यामागचा विचार. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या पुढाकाराने २०२३ मध्ये याची मोठी चाचणी सुरू झाली. चारशेहून अधिक रुग्ण, अनेक देश, प्रत्येकाला पावणेचार वर्षं औषध किंवा तसंच दिसणारं बिनऔषधाचं काहीतरी. सगळ्यांचं निरीक्षण पूर्ण होईपर्यंत हे औषध लागू पडतं असं म्हणता येत नाही. म्हणून गोळ्या विकत आणून मनाने सुरू करणं बरोबर नाही. दमा, पोटातले व्रण, चालू असलेली इतर औषधं, या सगळ्याचा विचार डॉक्टरच करू शकतात.

मनाने गोळ्या घेण्याचं काय होतं याचं उदाहरण आरपीच्या इतिहासातच आहे. १९९३ मध्ये हार्वर्डच्या एका मोठ्या अभ्यासातून असं पुढे आलं की रोज १५,००० युनिट 'अ' जीवनसत्त्व घेतल्यास आजाराची गती थोडी मंदावते. त्याच अभ्यासात 'ई' जीवनसत्त्वाचा जास्त डोस घेणाऱ्यांची स्थिती उलट बिघडल्याचं दिसलं होतं. तीस वर्षं जगभर 'अ' जीवनसत्त्व लिहून दिलं गेलं. २०२३ मध्ये नव्या जनुक तपासण्या हाताशी धरून तीच जुनी माहिती पुन्हा तपासली, तेव्हा फायदा दिसला नाही. त्यातही स्टारगार्ट नावाच्या पडद्याच्या आजारात, जो एबीसीए४ या जनुकामुळे होतो, जास्तीचं 'अ' जीवनसत्त्व घातक ठरू शकतं. गरोदरपणात मोठा डोस पोटातल्या बाळाला अपाय करतो. मोठा डोस वर्षानुवर्षं घेतल्यास यकृतावर परिणाम होतो. म्हणजे एका जनुकाच्या रुग्णाला निरुपयोगी ठरणारी गोळी दुसऱ्या जनुकाच्या रुग्णाला अपाय करू शकते. जनुकाचं नाव हवं ते यासाठीसुद्धा.

ज्यावर आजही इलाज आहे

'आरपीला इलाज नाही' हे वाक्य ऐकून घरी परतलेले कितीतरी जण पुन्हा डॉक्टरकडे जातच नाहीत. हे वाक्य सरसकट खरं नाही.

पहिलं म्हणजे, आरपीसारखे दिसणारे काही आजार मुळात पूर्ण शरीराचे असतात आणि त्यांवर उपचार आहेत. रेफसम आजारात शरीराला फायटॅनिक आम्ल पचवता येत नाही. ते दूध-तूप आणि मटणाच्या चरबीतून येतं, म्हणून आहार बदलला तर नुकसान रोखता येतं. ॲबिटालिपोप्रोटिनेमियात चरबी आणि तिच्याबरोबरची जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. तिथे 'अ' आणि 'ई' जीवनसत्त्वांचे मोठे डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावेच लागतात. गायरेट ॲट्रोफीत प्रथिनांतला आर्जिनिन हा घटक कमी करतात आणि काही रुग्णांना 'ब६' लागू पडतं. हे आजार विरळा आहेत. पण असा आजार असून तो 'आरपी' म्हणून सोडून दिला गेला, तर थांबवता येणारं आंधळेपण गाठतंच. रातांधळेपणासोबत ऐकू कमी येणं, चालताना तोल जाणं, सतत चिकट जुलाब होणं, हाताला-पायाला जास्तीचं बोट असणं असं काही असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावं.

दुसरं, आरपीच्या रुग्णांना मोतीबिंदू लवकर होतो आणि तो काढता येतो. पडद्याच्या मध्यभागी सूज येते, तिच्यावर थेंब आणि गोळ्या आहेत. डॉरझोलामाइडचे थेंब, ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या ही महागडी औषधं नाहीत. सूज उतरली की वाचण्याची नजर बऱ्याच जणांत सुधारते. पण त्यासाठी वर्षातून एकदा तरी ओसीटी तपासणी करायला हवी. 'इलाज नाही' म्हणून घरी बसलेल्या माणसाची ती होत नाही.

घराणं एक, राज्यं चार

आपल्या भागाचा खास प्रश्न इथून सुरू होतो.

आरपीचे बरेच प्रकार असे असतात की आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडतं. एकच प्रत बिघडलेली असलेला माणूस वाहक असतो. त्याला स्वतःला काही होत नाही आणि साध्या डोळे तपासणीत ते कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्न झालं की दोघेही एकाच आजोबा-पणजोबांकडून तीच बिघडलेली प्रत घेऊन आलेले असण्याची शक्यता वाढते.

मामाची मुलगी करणं, आत्याच्या मुलाला देणं ही आपल्याकडे जुनी रीत. उत्तर भारतात राहिलेल्या मराठी माणसाला ते नवल वाटेल, पण दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण या पट्ट्यात ती अजून चालू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात साधारण चारातलं एक लग्न नात्यातलं असतं. देशाच्या सरासरीपेक्षा हे दुपटीहून जास्त आहे. जमीन घरात राहावी, पोरगी ओळखीच्या घरात पडावी, हुंड्याचा ताण नको, अशी या रीतीमागची कारणं आहेत. नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुलं धडधाकट असतात हेही खरं. पण ज्या घराण्यात आरपी आधीच दिसलाय, तिथे पुढची सोयरीक नात्यात करण्याआधी चौकशी करणं आवश्यक आहे.

अडचण अशी की ही चौकशी करायला घराण्याचं चित्र एकत्र हवं. समजा आजोबांची चार भावंडं. एक गावी राहिला, एक नोकरीसाठी बडोद्याला गेला, एकाची मुलं हैदराबादला, बहीण इंदुरात दिली. चौघांच्या घरात एकेक नातू रात्री धडपडतो. बडोद्याचे डॉक्टर गुजराती केसपेपरवर 'घरात आणखी कुणाला नाही' असं लिहितात. हैदराबादेतही तेच, बेळगावातही तेच. प्रत्येक डॉक्टर बरोबर असतो, कारण त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. चारही नोंदी एकत्र आल्या असत्या, तर हा आजार घराण्यात चालत आलाय आणि कोणत्या पद्धतीने आलाय, हे तपासणीआधीच ओळखू आलं असतं.

यात लपवाछपवीही आहे. मुलीची नजर कमी आहे हे कळलं तर स्थळ येणार नाही, म्हणून भावकीलासुद्धा सांगत नाहीत. मूल आजारी निघालं की सुनेच्या माहेराला बोल लावतात. शास्त्र सांगतं ते वेगळं आहे. वर सांगितलेल्या प्रकारात अर्धा वाटा वडिलांचा असतोच. आईला दोष देणं चूक तर आहेच, शिवाय त्या भीतीने माहेरची माहिती दडवली जाते आणि निदान आणखी लांबतं.

तपासणी कुठे, पैसे कोण देणार

जनुक तपासणी रक्त किंवा लाळेवर होते. लॅबनुसार खर्च काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत जातो. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, बेंगळुरूचं नारायण नेत्रालय इथे पडद्याच्या वंशागत आजारांवर जनुकांपर्यंतचं काम चालतं. तपासणी केली की उत्तर मिळतंच असं नाही. दहातल्या तीन-चार घरांत नेमका बिघाड सापडत नाही किंवा अहवाल संदिग्ध येतो. म्हणूनच तो अहवाल समजावून सांगणारा समुपदेशक लागतो, आणि आपल्या भाषेत सांगणारा लागतो. 'वाहक' आणि 'रुग्ण' यांतला फरक कन्नड किंवा इंग्रजी कागदावरून घाईत सांगितला, तर घरी येईपर्यंत त्याचा अर्थ 'सगळ्यांना रोग आहे' असा झालेला असतो. अशा गैरसमजातून जमलेलं लग्न मोडू शकतं.

आता योजनांकडे बघू. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला आणि त्यावरून दोन्हीकडे राजकारण तापलं. आयुष्मान भारत योजनेचं कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. दोन्ही योजना कामाच्या आहेत, हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, अपघात यात त्यांनी माणसं वाचवलीत. पण या योजनांचा पाया दवाखान्यात भरती होऊन घ्यायचे उपचार हा आहे. आरपीचा रुग्ण भरती होत नाही. त्याला लागते ती ओपीडीतली तपासणी, रक्ताचा नमुना आणि समुपदेशन. हा खर्च योजनेत सहसा बसत नाही. कुणाची योजना कुणाच्या हद्दीत, यावर भांडताना हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या तोंडी येत नाही.

केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांवर नेली. मुंबईचं केईएम, हैदराबादचं निम्स, बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स अशी नेमून दिलेली केंद्रं आहेत. आपला आजार धोरणाच्या यादीत आहे का, हे तिथे विचारून घ्यावं. पण असला तरी सात कोटींच्या औषधापुढे पन्नास लाख म्हणजे चौदावा हिस्सा.

किमती मात्र कायम तशाच राहतील असं समजण्याचं कारण नाही. एसएमए या स्नायूंच्या दुर्मीळ आजारावरचं रिसडिप्लाम हे औषध रोश कंपनी भारतात बाटलीमागे सहा लाखांच्या वर विकत होती. पेटंटचा वाद दिल्ली हायकोर्टात गेला. २०२५ च्या ऑक्टोबरात निकाल हैदराबादच्या नॅटको कंपनीच्या बाजूने लागला आणि तिने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणलं. कॅन्सरवरची पहिली भारतीय कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिली. २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि किंमत परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शात आली. डोळ्याचा जनुक उपचार बाटलीतल्या औषधाइतका सहज नक्कल होणारा नाही, पण देशात बनू शकतो. मात्र कुणी बनवायला घेतलं, तर पहिला प्रश्न येईल, 'या जनुकाचे रुग्ण किती आणि कुठे?' आज याचं उत्तर द्यायला आपल्याकडे नोंदच अपुरी आहे. तपासणीला पैसे नाहीत म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून स्वस्त औषधाला गिऱ्हाईक दिसत नाही. हे चक्र तोडायला सात कोटी लागत नाहीत.

हक्काचं प्रमाणपत्र

औषध येईल तेव्हा येईल. आज हातात येऊ शकणारी एक गोष्ट बरेच रुग्ण सोडून देतात. '६/९ दिसतंय, तुम्ही अपंग कुठले?' असं ऐकून आरपीचे रुग्ण दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेतून परत येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ वेगळं सांगतो. त्यात बाजूच्या नजरेचाही निकष आहे. नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी असेल तर तो अंधत्वात मोडतो, आणि १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टीत. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असली तरीही. म्हणून जाताना फील्ड टेस्टचा कागद बरोबर न्यावा आणि घेर मोजून नोंदवायला सांगावं.

हे प्रमाणपत्र देशभर चालतं, तसं कायद्यातच लिहिलंय. बेळगावात काढलेलं यूडीआयडी कार्ड पुण्याच्या कॉलेजात किंवा पणजीच्या नोकरीत नाकारता येत नाही. राज्यांच्या पेन्शन योजना मात्र रहिवासाला बांधलेल्या असतात, तो फरक लक्षात ठेवावा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनी हे काम परीक्षेच्या महिनाभर आधी नव्हे, वर्षाच्या सुरुवातीला करावं.

इलाजाच्या नावाखालचा बाजार

जिथे औषध नाही तिथे दुकान लवकर उभं राहतं. 'स्टेम सेल'ची इंजेक्शनं, मानेतल्या नसांचे उपचार, तीन महिन्यांत नजर परत आणणाऱ्या पुड्या असं सगळं विकलं जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार रक्ताचे काही आजार सोडले, तर स्टेम सेलचा वापर मान्यता मिळालेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ घरांची जमीन वाचेल. पैसे मागितले की ती चाचणी नव्हे. खरी चाचणी सरकारच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असते, तिचा नंबर मागावा.

आता काय करावं, काय मागावं

घरातली कामं साधी आहेत. एका वहीत चार पिढ्यांची वंशवेल मांडा. कुणाचं लग्न नात्यात झालं, रात्री कुणाला दिसत नव्हतं, कितव्या वर्षापासून, ऐकू कमी कुणाला येतं, हे लिहा. इंदूरच्या आत्याला आणि बडोद्याच्या चुलत्यांना फोन करून विचारा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, कारण ही माहिती बहुधा त्यांच्याकडेच असते. ती वही घेऊन जनुकांवर काम करणाऱ्या नेत्रालयात एकदा जा. अहवालाची प्रत सगळ्या शाखांना पाठवा. एका घरात जनुक सापडला, तर बाकीच्या घरांची तपासणी सोपी आणि स्वस्त होते, कारण मग एकच ठिकाण बघायचं असतं.

सरकारांकडे मागायच्या गोष्टीही मोजक्या आहेत. योजना महाराष्ट्राची असो की कर्नाटकाची, गोव्याची असो की मध्य प्रदेशाची, पडद्याच्या वंशागत आजारात एकदाची जनुक तपासणी आणि समुपदेशन त्यात बसवावं. जिल्हा रुग्णालयात फील्ड टेस्टचं चालू यंत्र असावं. सीमाभागातल्या रुग्णाला त्याच्या भाषेत छापलेला कागद मिळावा. ८६५ गावांच्या यादीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या आमदारांना हे विचारता येईल. मराठी मंडळं, महिला मंडळं वर्षातून एखादं नेत्र शिबिर घेतातच. त्या शिबिरात चष्म्याचा नंबर काढताना 'रात्री दिसतं का, घरात आणखी कुणाला असं आहे का' हे दोन प्रश्न विचारले, तर नोंदीची सुरुवात तिथूनच होईल.

पुढचं इंजेक्शन कोणत्या जनुकासाठी येईल हे आज कुणी सांगू शकत नाही. पण ते आलं की पहिल्या दिवशी जनुकाचं नाव विचारलं जाणार, एवढं नक्की. ते नाव वहीत लिहून ठेवलेल्या घरांचाच नंबर आधी लागेल.